मधली नजर आणि कडेचे अक्षर

खालच्या ओळीत मधोमध अधिकची खूण आहे. पान नेहमीच्या वाचायच्या अंतरावर धरा, नजर त्या खुणेवर रोखा आणि ती हलू न देता दोन्ही बाजूंना काय लिहिले आहे ते टिपायचा प्रयत्न करा.

म               +               भमस

डावीकडचा एकटा म कळतो. उजवीकडच्या गटातला मधला म तेवढाच मोठा, तेवढाच काळा, अंतरही जवळजवळ तेच. पण तो हाती लागत नाही. तिथे अक्षरे आहेत हे दिसते, शिरोरेषा दिसते, उभे दंड दिसतात. कोणता दंड कोणाचा हे मात्र ठरत नाही. ओळ आधीच वाचलेली असल्याने मन उत्तर पुरवत असेल, तर घरातल्या कोणाकडून तरी नवी तीन अक्षरे लिहून घ्या आणि पुन्हा पाहा.

दृष्टीचे अभ्यासक याला अक्षरांची गर्दी म्हणतात. ही धूसर दिसण्याची तक्रार नव्हे. डावीकडचा म ओळखता आला, म्हणजे कडेच्या नजरेची धार तेवढ्या आकाराला पुरेशी होती. बिघाड झाला तो शेजाऱ्यांमुळे. गेली दोन-अडीच दशके या गर्दीवर अफाट काम झाले आहे. त्यातला एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो वाचणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या आणि नजर गमावत चाललेल्या माणसापर्यंत थेट येतो: कडेला असलेल्या अक्षराचे काय होणार, हे मध्यावर काय चालले आहे त्यावर किती अवलंबून असते?

प्रश्नाची सुरुवात जुनी आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात नोंदवले, की नजरेच्या अक्षापासून लिखाण दूर नेले की त्यातली अक्षरे संदिग्ध होतात. १८५७ मध्ये ऑबर्ट आणि फोर्स्टर या दोघांनी अंधाऱ्या खोलीत विजेची ठिणगी पाडून क्षणभर अक्षरे उजळवली. तेवढ्या क्षणात डोळा हलवता येत नाही, त्यामुळे कडेची नजर प्रथमच नीट मोजता आली. पण गर्दीचा नियम मिळायला १९७० उजाडले. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या हर्मन बाउमा यांनी तो दीड-दोन पानांच्या टिपणात मांडला: अक्षर नजरेच्या केंद्रापासून जितके अंश दूर असेल, त्याच्या साधारण निम्म्या अंतराच्या आत दुसरे अक्षर आले की पहिल्याची ओळख बिघडते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी साधारण दोन अंश भरते. म्हणजे दहा अंशांवरच्या अक्षराला दोन्ही बाजूंना अडीच-अडीच अंगठे मोकळी जागा हवी. अक्षर मोठे केले आणि अंतर तेच ठेवले, तर फायदा जवळपास नाही.

केंद्र इतके वेगळे का, याचे शरीरशास्त्र थोडक्यात सांगता येते. दृष्टिपटलाच्या मध्यावर पीतबिंदू, आणि त्याच्या पोटात फोव्हिया नावाचा खळगा. तिथे शंकुपेशी दर चौरस मिलिमीटरला दोन लाखांच्या घरात असतात आणि थोडे बाजूला सरकले की त्यांची संख्या झपाट्याने उतरते. मेंदूतली वाटणी याहून एकतर्फी आहे. मधल्या दहा अंशांना मेंदूच्या प्राथमिक दृष्टिविभागाचा सुमारे निम्मा भाग मिळतो, उरलेल्या सगळ्या दृश्याला दुसरा निम्मा. कडेच्या दोन शेजारी अक्षरांना मेंदूत जागाच इतकी अरुंद मिळते की त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळतात.

इथवर मध्य आणि कड हे वेगवेगळे संसार वाटतात. तसे ते नाहीत हे दाखवणारा पहिला ठसठशीत प्रयोग अक्षरांवरच झाला होता. १९६५ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी लोकांना एक अक्षर मध्यावर आणि दोन कडेला अशी तीन अक्षरे क्षणभर दाखवली आणि ती सारखी आहेत का, एवढेच विचारले. मग त्याच चित्रात कामाची नसलेली आणखी अक्षरे मिसळली. कडेच्या अक्षरांचा पत्ता लागेना. दृश्यातल्या कोलाहलामुळे नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी होते, असे मॅकवर्थ यांनी म्हटले आणि ते शब्द चिकटले. पुढे १९७५ मध्ये जपानमध्ये इकेदा आणि ताकेउची यांनी मध्यावरचे काम पायरीपायरीने अवघड करत नेले, तसतसे कडेला ओळखता येणारे क्षेत्र आक्रसत गेले. डोळा तोच, पडदा तोच, कडेची खूणही तीच. बदलली ती फक्त मध्यावरची मेहनत.

वाचनात हे रोज घडते. आपण एका शब्दावर नजर टेकवतो तेव्हा पुढच्या शब्दाची तयारी कडेच्या नजरेने सुरू झालेली असते. १९७५-७६ मध्ये मॅककॉन्की आणि रेनर यांनी डोळ्याबरोबर सरकणारी खिडकी करून मोजले: इंग्रजी वाचणाऱ्याला डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरे या ना त्या रूपात उपयोगी पडतात. १९९० मध्ये हेंडरसन आणि फेरेरा यांनी त्यावर मोलाची भर घातली. नजरेखालचा शब्द अवघड असला, तर पुढच्या शब्दाची कडेने मिळणारी आगाऊ माहिती घटते. अवघड मजकूर सावकाश वाचला जातो तो दोन कारणांनी: अवघड शब्दाला वेळ लागतो, आणि त्याने पुढच्याची तयारीही खाल्लेली असते. लहान मुलाला शब्द उलगडताना पाहिले की हे दुसरे कारण डोळ्यांसमोर येते. त्याची सगळी शक्ती हाताखालच्या अक्षरात गेलेली असते. पुढचा शब्द त्याच्यासाठी अजून पानावर आलेलाच नसतो.

मात्र बोगद्याची कल्पना जशीच्या तशी स्वीकारू नये असे मला वाटते. बोगदा म्हटला की कडेचा शेवटचा भाग आधी मिटावा आणि केंद्राजवळचा टिकावा. प्रत्यक्षात कित्येक प्रयोगांत मध्यावरच्या कामाने जवळचे आणि लांबचे, दोन्हीकडचे ओळखणे सारखेच घटलेले दिसते. कामाचा बोजा कानावाटे आला तर बहुधा सर्वत्र सारखी झीज होते. बोजा नेमका नजरेच्या मध्यावर, दृश्य स्वरूपात असला तर बोगद्यासारखा आकार दिसण्याची शक्यता वाढते. हा भेद बारीक आहे, पण रस्त्यावर फार मोलाचा आहे.

भिलाई या पोलादाच्या गावातला जीई रोड घ्या. ट्रक, मिनी ट्रक, शिफ्ट सुटली की दुचाकींची रीघ, आणि डोक्यावर आडवे फलक. मोटारसायकलवाल्याची नजर पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर खिळलेली असते आणि ती तिथेच असावी. फलक मात्र नजरेच्या वर, आठ-दहा अंशांवर. गर्दीच्या संशोधनातल्या तीन गोष्टी इथे एकत्र येतात. एक तर मध्यावरचे काम जड आहे. दुसरे म्हणजे नजरेच्या वरच्या भागात गर्दी खालच्या भागापेक्षा जास्त नडते. ही, कॅव्हना आणि इंट्रिलिगेटर यांनी १९९६ मध्ये हा फरक दाखवला. तिसरी गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. टोएट आणि लेव्ही यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले, की गर्दीचा पट्टा गोल नसतो. केंद्रापासून निघणाऱ्या किरणाच्या दिशेने तो लांब असतो, त्याला काटकोनातल्या दिशेने अरुंद.

आता हे देवनागरीला लावून पाहा. पुस्तकाच्या ओळीत कडेचे अक्षर केंद्राच्या उजवीकडे असते, म्हणून किरणाची दिशा आडवी. त्याला त्रास देतात शेजारची अक्षरे. वरची वेलांटी आणि खालचा उकार त्या मानाने कमी नडायला हवेत. डोक्यावरच्या फलकावर दिशा फिरते. केंद्र खाली रस्त्यावर, फलक थेट वर, म्हणजे किरण उभा. तिथे अक्षराच्या वरची मात्रा, खालचा उकार आणि फलकाची दुसरी ओळ हे सगळे त्रास देणाऱ्या दिशेत येतात. रोमन अक्षरांना वर-खाली फारसे काही लागलेले नसते. आपल्या लिपीत अर्धा अर्थ वर-खाली टांगलेला असतो. हा माझा निष्कर्ष बाउमा आणि टोएट-लेव्हींच्या नियमांवरून काढलेला आहे, प्रयोगशाळेतून आलेला नाही. पण उंच फलकांवर दोन ओळींतले अंतर आणि मात्रांसाठीची जागा ठरवणाऱ्याने तो डोक्यात ठेवावा असा आग्रह मी धरेन.

आता प्रश्नाच्या अधिक नवलाच्या भागाकडे येतो. मध्यावर काहीच नसले, तरी मेंदूतला मध्याचा भाग कडेच्या ओळखीत भाग घेतो का?

२००८ मध्ये मार्क विल्यम्स, नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष छापला, जो वाचून अनेकांनी पाने पुन्हा चाळली असतील. लोकांची नजर मध्यावर होती, मध्यावर काहीही दाखवलेले नव्हते, दोन अनोळखी वस्तू कडेच्या कोपऱ्यांत दाखवून त्यांची तुलना करायला सांगितली होती. तरी मेंदूच्या ज्या भागाकडे फक्त फोव्हियाची माहिती यायला हवी, तिथल्या हालचालीवरून कडेच्या वस्तू कोणत्या प्रकारच्या होत्या हे ओळखता येत होते. आणि ज्यांच्यात हा ठसा ठळक, त्यांची कामगिरीही चांगली. मेंदूचे वरचे थर कडेच्या वस्तूचा तपशील जणू मध्याच्या जागेवर परत पाठवत होते, कारण बारकाव्याचे काम करायची सर्वांत ऐसपैस जागा तिथे आहे.

ठसा सापडणे आणि तो उपयोगी असणे यांत फरक आहे, म्हणून पुढचे प्रयोग महत्त्वाचे. २०१३ मध्ये चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी डोक्याबाहेरून चुंबकीय ठोका देऊन नेमका हा मध्याचा भाग क्षणभर विस्कळीत केला. चित्र दाखवल्यानंतर साडेतीनशे ते चारशे मिलिसेकंदांनी दिलेल्या ठोक्याने कडेच्या वस्तूंची पारख बिघडली. इतक्या उशिरा डोळ्याकडून येणारी पहिली लाट कधीच ओसरलेली असते. २०१६ मध्ये निरनिराळ्या गटांनी चुंबकाशिवाय तेच साधले: कडेच्या वस्तूंनंतर थोड्या अवधीने मध्यावर निरर्थक ठिपक्यांचा किंवा आकृत्यांचा गोंधळ दाखवला, आणि कडेची ओळख घसरली. त्यातल्या फान, हे आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात वस्तू मनात फिरवून जुळवायची असली, की नुकसानीचा क्षणही तेवढा पुढे सरकत होता. म्हणजे मध्याची जागा मेंदू गरज पडेल तेव्हा वापरायला घेतो.

माझे मत विचाराल तर हा सगळा पुरावा विश्वासार्ह आहे, पण त्याचा आवाका बेताने सांगावा. परिणाम लहान आहेत. प्रयोग बहुतेक वस्तूंच्या बारीक तुलनेचे आहेत, जिथे दोन आकार एकाच प्रकारचे असून सूक्ष्म फरक शोधायचा असतो. अक्षर ओळखणे पुष्कळदा इतके बारीक काम नसते. क आणि ग यांत गोंधळायला फारसे कारण नाही. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प या जोड्यांत मात्र अगदी तसेच बारीक काम करावे लागते, आणि मध्याकडून मदत येत असेल तर ती इथेच दिसायला हवी.

मध्याचा आणखी एक हात आहे, तो वर्षानुवर्षे चालणारा. आपण दिवसातून हजारो वेळा कडेला काहीतरी पाहतो आणि लगेच डोळा तिकडे वळवतो. कडेचे अस्पष्ट रूप आणि मध्यावरचे स्पष्ट रूप यांची जोडी मेंदू सतत जमवत असतो. हर्विग आणि श्नायडर यांनी २०१४ मध्ये दाखवले, की डोळा वळत असतानाच वस्तूचे रूप गुपचूप बदलत राहिले, तर काही वेळाने तीच वस्तू कडेला दिसतानाही बदललेल्या रूपाकडे झुकलेली भासते. नंदी आणि त्यान यांनी त्याआधी, २०१२ मध्ये, एक धाडसी तर्क मांडला होता: गर्दीचा पट्टा किरणाच्या दिशेने लांबट असतो, कारण डोळा त्याच दिशेने झेप घेतो आणि झेपेच्या सुमारास मेंदू शिकतो ती चित्रे त्या दिशेने फरफटलेली असतात. हा तर्क खरा असेल तर कडेच्या अक्षरांची गर्दी ही काही प्रमाणात मध्याकडे धावणाऱ्या डोळ्यानेच घडवलेली आहे.

त्याला सर्वांत बोलका आधार मिळतो तो मध्य गमावलेल्या माणसांकडून. वयोमानाने पीतबिंदू झिजतो, मधुमेहाने त्याला सूज येते, काही मुलांना स्टारगार्डचा आनुवंशिक आजार होतो, झाकण न घेता वेल्डिंगच्या ठिणगीकडे पाहत राहिल्याने किंवा ग्रहणातल्या सूर्याकडे पाहिल्याने खळग्याला इजा होते. पोलादाच्या गावात वेल्डिंगच्या कारणाची आठवण पुन्हा पुन्हा करून द्यावी लागते. अशा माणसाला समोरच्याचा चेहरा पुसलेला दिसतो, मागची भिंत मात्र दिसते. तो नकळत नजरेची नवी जागा शोधतो: खळग्याच्या बाहेरचा एक तुकडा निवडून सगळे त्यावर आणायला लागतो. फ्लेचर आणि शूचार्ड यांनी १९९७ मध्ये अशा १,३३९ डोळ्यांची तपासणी छापली. त्यांतल्या सुमारे ८४ टक्क्यांनी आपापली जागा ठरवलेली होती. माणूस बोलताना तुमच्या कानाकडे पाहतोय असे वाटले, तर तो कदाचित तुमचा चेहराच पाहत असतो. घरच्यांनी एवढे समजून घेतले तरी त्या माणसाचा निम्मा संकोच जातो.

सुझाना चुंग यांनी २०१३ मध्ये अशा लोकांच्या नव्या जागेवर गर्दीचा पट्टा मोजला. तो निरोगी डोळ्याच्या कडेसारखा लांबट नव्हता, गोलाकडे झुकलेला होता, जसा मध्याजवळ असतो. मध्य गेला, डोळ्याच्या झेपांचे लक्ष्य बदलले आणि कडेच्या नजरेचा आकारही बदलला. याच्याशी जोडलेला एक वाद अजून धुमसतो आहे. २००५ मध्ये बेकर, पेली आणि सहकाऱ्यांना मध्य गमावलेल्या दोघांच्या मेंदूत मध्याचा रिकामा भाग कडेच्या चित्रांना प्रतिसाद देताना दिसला; तिथे नव्या जोडण्या झाल्या असाव्यात असे वाटले. २००८ मध्ये मासुदा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हा प्रतिसाद रुग्णाला काही ओळखायचे काम दिले तरच येतो, नुसते पाहताना येत नाही. मला दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. ते विल्यम्स यांच्या निष्कर्षाशी जुळते: वरून येणारा निरोप आधीपासून होताच, खालचा आवाज बंद झाल्यावर तो ऐकू आला.

या लोकांना वाचता यावे म्हणून काय करता येते? अक्षर मोठे करणे अर्थातच गरजेचे, पण त्याला मर्यादा आहे. १९९८ मध्ये चुंग, मॅन्सफील्ड आणि लेग यांनी निरोगी डोळ्यांवर मोजले: वीस अंशांवर अक्षर हवे तेवढे मोठे केले, तरी वाचनाचा कमाल वेग मध्याच्या वेगाच्या साधारण सहाव्या हिश्शावर थांबतो. मग अक्षरांत जास्त मोकळी जागा सोडावी, हे बाउमाच्या नियमावरून सुचते. प्रयोगात तेही फारसे कामी आले नाही. नेहमीपेक्षा जास्त अंतर दिले तर एकेक अक्षर सुटे होते, पण शब्द इतका लांब पसरतो की त्याचे टोक आणखी कडेला जाते. कामी आला तो सराव. २००४ मध्ये कडेच्या नजरेने रोज अक्षरे ओळखायला लावलेल्या निरोगी तरुणांचा वाचनवेग ४१ टक्क्यांनी वाढला, आणि पुढे मध्य गमावलेल्या वृद्धांतही सरावाने मोठी वाढ दिसली. वयाची सबब इथे लागू पडली नाही, ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे.

देवनागरीत अंतर वाढवण्याचा उपाय आणखीच अडतो, कारण शिरोरेषा आडवी येते. अक्षरे सुटी केली तर रेषा तुटते, रेषा ताणली तर अक्षरे पुन्हा एका दोरीत बांधलेली राहतात. मानासी, सायिम आणि हर्झोग यांनी २०१२ मध्ये दाखवले, की शेजारी आकृती आणि लक्ष्य एकाच गटातली वाटली तर गर्दी वाढते, वेगवेगळ्या गटांतली वाटली तर ओसरते. शिरोरेषा एका शब्दाच्या सर्व अक्षरांना एका गटात बांधते. त्याच वेळी शब्द कुठे संपला हे ती कडेच्या नजरेलाही स्पष्ट दाखवते. जुन्या मोडी कागदात ओळभर रेघ आधी आखून शब्द न तोडता लिहीत. तिथे हा दुसरा फायदा नव्हता, आणि मोडी वाचणाऱ्याला नजर किती जपून पुढे न्यावी लागते हे ज्याने दप्तरे चाळली आहेत त्याला ठाऊक आहे.

आपल्या लिपीसुधारकांनी गर्दीचा नियम ऐकलेला नव्हता, पण त्यांचे डोळे योग्य जागी पडले होते. ख हा रव वाचला जाऊ नये म्हणून त्याचे दोन भाग खाली जोडले गेले. ध आणि भ यांना घुंडी दिली गेली, म्हणजे घ आणि म यांपासून ती दुरूनही वेगळी पडावीत. निर्णयसागरच्या जावजी दादाजींच्या खिळ्यांपासून बापूराव नाईकांच्या देवनागरी मुद्रणावरच्या ग्रंथापर्यंत या बारकाव्यांची काळजी वाहिलेली दिसते. ही सगळी काळजी नजरेच्या मध्यावरच्या अक्षराची होती. कडेवरच्या अक्षराची मोजणी जगभर मुख्यतः रोमन अक्षरांवर झाली. चिनी अक्षरांवर थोडी झाली, आणि तिथे एकाच अक्षराच्या आतले भागसुद्धा एकमेकांची गर्दी करतात असे दिसले. जोडाक्षरांच्या लिपीला हे फार जवळचे आहे. भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण यांच्या गटाने तेलुगू आणि मल्याळम वाचकांवर २०१९ मध्ये महत्त्वाचे काम केले: जी लिपी वाचता येते तिच्यात शेजारी अक्षरे एकमेकांत कमी मिसळतात. वाचायला शिकणे हे शेजाऱ्यांना वेगळे ठेवायला शिकणेही आहे.

अशा तुलनेसाठी भिलाईइतके सोयीचे गाव दुसरे चटकन सुचत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी पेटल्यापासून इथल्या सेक्टरांत मराठी, तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया, पंजाबी घरे शेजारी शेजारी राहिली. एकाच गल्लीत शिरोरेषेची देवनागरी, बंगाली आणि गुरुमुखी वाचणारे आणि शिरोरेषेविना गोल वळणाची ओडिया, तेलुगू वाचणारे सापडतात, आणि हिंदीमुळे जवळपास सगळ्यांना देवनागरी येते. २०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटीही आता इथे आहे. एकाच माणसाला त्याच्या दोन लिपी कडेच्या नजरेत दाखवाव्यात, एकदा अक्षर नजरेच्या उजवीकडे आणि एकदा वर. मध्यावर कधी रिकामी खूण, कधी अवघड बेरीज, कधी काही क्षण उशिरा आलेला ठिपक्यांचा गोंधळ. शिरोरेषा गर्दी वाढवते की नाही, मात्रा वरच्या फलकावर जास्त नडतात की नाही, आणि घ-ध ओळखताना मध्याची रिकामी जागा खरोखर कामाला येते की नाही, हे तिन्ही त्यातून मोजता येईल. साहित्य म्हणून लागेल एक चांगला पडदा, डोळ्याची हालचाल टिपणारे यंत्र आणि वाचायला तयार असलेले शेजारी.